गोळी फुकट, पण दिवस मोडतो

छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की मिटमिट्याच्या अलीकडे आमचं पडेगाव लागतं. वाळूजच्या कंपन्यांत कंत्राटावर जाणारे, गवंड्याच्या हाताखाली राबणारे, धुणीभांडी करणाऱ्या, भंगार वेचणारे आणि गावाकडची शेती सुटली म्हणून शहराच्या कडेला येऊन टेकलेले लोक इथे राहतात. त्यांतल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या कुटुंबांबरोबर मी समुपदेशक म्हणून काम करते. आमचा दवाखाना दोन खोल्यांचा आहे. एकीत ठरलेल्या वारी डॉक्टर बसतात, दुसरीत मी. एआरटीची औषधं घाटीतून मिळतात, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून. औषध सुरू होण्याआधीचं आणि ते घेऊन माणूस घरी परतल्यानंतरचं सगळं आमच्याकडे.

या कामात नवी मुलंमुली येतात. प्रशिक्षणात त्यांना विषाणू शिकवतात, पेशी शिकवतात, फॉर्म भरायला शिकवतात. बाकीचं वस्तीत फिरून कळतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. तारीख चुकली की आधी हजेरी विचारा

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने देशातल्या आठ रुग्णालयांत एआरटी मोफत द्यायला सुरुवात केली. मुंबईचं जेजे त्यांतलं एक. त्याआधी ही औषधं विकत घ्यावी लागत. २००१ मध्ये सिप्लाने आफ्रिकेतल्या मदतकार्यासाठी वर्षाचा औषधोपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा जगभर खळबळ उडाली होती, इतका तो भाव कमी होता. तरीही रुपयांत ते सोळा हजारांच्या घरात जात होतं. रोजंदारीवरच्या घरात एवढे पैसे कुठून यायचे? ज्यांच्याकडे बैल होते त्यांनी बैल विकले, ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी वाट पाहिली.

आज गोळीला पैसा पडत नाही. तरी माणसं तारखा चुकवतात, आणि मग त्यांची नावं एलएफयूच्या, म्हणजे उपचारातून सुटलेल्यांच्या, यादीत जातात. ही यादी हातात आली की नवीन कार्यकर्त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘बेफिकीर’. बांधकामावर जाणाऱ्या एका बाईने मला एकदा सरळ हिशेब मांडून दाखवला होता. “ताई, गोळी फुकट हाय, पण दिवस मोडतो ना.” दिवस मोडला की हजेरी गेली. छावणीमार्गे भडकल गेटपर्यंत रिक्षा, परत येताना रिक्षा. लेकरू बरोबर असलं की त्याचं खाणं. दोनदा खाडा झाला की मुकादम त्या जागी दुसरी बाई उभी करतो, म्हणजे मोडलेला दिवस आठवडाभर पुरतो.

त्यातही मी पाहिलेली सगळ्यात मोठी नासाडी वेगळीच आहे. नवरा-बायको दोघं औषधावर असतात, कधी मूलही असतं, आणि तिघांच्या तारखा तीन असतात. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. ज्याचं निदान जेव्हा झालं तेव्हापासून त्याचा महिना मोजला गेलेला असतो. एका घराचे तीन दिवस मोडतात. या तारखा एका दिवशी आणून बसवणं, व्हायरल लोडच्या रक्ताचा दिवस आणि गोळ्यांचा दिवस एकच ठेवायची विनंती करणं, ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का हे एआरटी केंद्रात विचारणं, हे समुपदेशनाच्या कोणत्याही पुस्तकात पहिल्या पानावर नसतं. मी ते पहिल्या पानावर घालीन. कोविडच्या काळात अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत रुळली, आणि एकेका घराचे किती दिवस वाचले हे तेव्हा आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

२. बाटली वाजते

एका बाटलीत तीस गोळ्या असतात. दहा बाय दहाच्या खोलीत सासू, दीर, लेकरं सगळी राहत असतील तर ती बाटली ठेवायची कुठे? ज्वारीच्या डब्यात, शिलाई मशिनच्या खणात, देव्हाऱ्यामागे, लुगड्यांच्या घडीत. हलवली की ती वाजते. आवाज नको म्हणून बायका गोळ्या कागदाच्या पुडीत काढून ठेवतात, आणि पावसाळ्यात त्या दमट होऊन खराब होतात.

याच्यावर ‘लपवू नका, धीराने सांगा’ असं भाषण द्यायचं नाही. सांगितल्यावर काय होतं ते तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. तिला सांगायचं ते इतकंच: गोळ्या मूळ बाटलीतच राहू दे, आतली ओल शोषणारी पुडी टाकू नको, वरचं लेबल सोलून काढ, मोकळ्या जागेत स्वच्छ कोरडा कापूस भर. बाटली वाजत नाही.

आपणही वाजू नये. घरभेटीला जाताना लाल फितीची पिशवी नको, ओळखपत्र गळ्यात नको, दाराबाहेर चारचाकी नको. पहिल्याच भेटीत विचारून ठेवावं, “मी तुमच्याकडे आले तर शेजाऱ्यांना मी कोण म्हणून सांगायचं?” एकीने मला बचत गटाची ताई केलं. मग मला हप्त्याची तारीख, व्याजाचा दर, गटाचं नाव सगळं माहीत असावं लागलं, कारण शेजारीण दारात बसून विचारत असे. छावणीच्या बाजारात समोरासमोर गाठ पडली तर आपण आधी नमस्कार करायचा नाही. त्यांनी हसून पाहिलं तर हसावं, नाहीतर भाजीचा भाव विचारत पुढे जावं. फोनवरच्या मेसेजमध्ये ‘गोळ्या’ हा शब्दसुद्धा नको, कारण फोन घरात सगळ्यांचा असतो.

नाव राखण्याचं मोल न्यायालयालाही मान्य आहे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका हंगामी कामगाराचा खटला चालला. तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून एका सार्वजनिक कंपनीने त्याचं काम बंद केलं होतं. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, जो माणूस काम करायला सक्षम आहे आणि इतरांना धोका नाही त्याला केवळ या कारणाने काढता येणार नाही असं म्हटलं, आणि सगळा खटला त्याचं नाव उघड न करता चालवला. कायद्याच्या पुस्तकांत तो आजही ‘एमएक्स’ आहे. मग २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. संमतीशिवाय कुणाची स्थिती दुसऱ्याला सांगायला आता कायद्याने मनाई आहे. वस्तीतल्या माणसाला कलमं पाठ नसतात, पण हे एवढं कळलं की त्याचा आवाज बदलतो.

३. निदानाच्या दिवशी कमी बोला

त्या दिवशी माणसाला काही ऐकू येत नाही. सीडी फोर, व्हायरल लोड, रेजिमेन, सगळं वरून वाहून जातं. मी विचारते, जेवलात का? घरी कसे जाणार, कोण आहे बरोबर? मग दोनच गोष्टी सांगते: याच्यावर रोजची एक गोळी आहे, आणि ती घेतली तर म्हातारं होईपर्यंत जगता येतं. पूर्वी सीडी फोर पेशी अमुक इतक्या खाली आल्याशिवाय औषध सुरू होत नसे. आधी २०० ची अट होती, मग ३५०, मग ५००. २०१७ पासून ती अट गेली, निदान झालं की उपचार. म्हणून आता ‘वाट पाहा’ असं कुणाला सांगावं लागत नाही. बाकीचं पुढच्या भेटीत. पुढची भेट मात्र दोन-तीन दिवसांतच ठरवावी, आणि त्या रात्री एकटं राहू देऊ नये.

४. खोकला आधी विचारा

एचआयव्ही असलेल्या माणसाचा जीव आपल्याकडे जास्त करून क्षयरोगाने जातो. दाटीच्या खोल्या, वारा नाही, पोटाला पुरेसं नाही, सगळं त्याच्याच सोयीचं. प्रत्येक भेटीत चार प्रश्न विचारायचे: खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घाम सुटतो का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर थुंकीची तपासणी लगेच. ज्यांना क्षय नाही त्यांना तो होऊ नये म्हणूनही औषध आहे.

दोन्ही आजार एकत्र असले तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. क्षयाच्या औषधातलं रिफाम्पिसिन हे एआरटीच्या गोळीतल्या डॉल्युटेग्राविरचा जोर कमी करतं. त्यामुळे डॉल्युटेग्राविरची आणखी एक गोळी बारा तासांच्या अंतराने घ्यावी लागते. ती जादा गोळी लिहिलेली आहे का, मिळाली आहे का, आणि तो घेतो आहे का, हे आपण विचारायचं. दोन ठिकाणची दोन पुस्तकं एकाच माणसाच्या पिशवीत असतात, आणि ती शेजारी शेजारी उघडून बघणारा माणूस बहुतेक वेळा आपणच असतो. क्षयाच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला पैसे मिळतात. २०१८ मध्ये ते पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. बँक खातं जोडलेलं नसेल तर ते येत नाहीत, म्हणून खातं पहिल्याच आठवड्यात पाहावं.

५. बाईची तपासणी आधी होते म्हणून बोल तिलाच लागतो

गरोदरपणात प्रत्येक बाईची एचआयव्ही तपासणी केली जाते. पुरुषाची कधी होते? तो फार आजारी पडला तरच. त्यामुळे घरात पहिला रिपोर्ट सुनेचा येतो, आणि ‘हिनंच आणलं’ हे वाक्य त्याच संध्याकाळी जन्माला येतं. नवऱ्याची तपासणी नंतर होते, त्याची लागण कित्येकदा तिच्याहून जुनी असते, पण तोवर तिची पिशवी भरून माहेरी पाठवलेली असते. माझ्या सगळ्या कामात मला याइतका संताप दुसऱ्या कशाचा येत नाही. म्हणून तिचा रिपोर्ट आला की नवऱ्याला बोलावून त्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी यासाठी जिवाचं रान करावं. सांगायचं असेल तर दोघांनी एकत्र, दोन्ही रिपोर्ट हातात असताना सांगावं. आणि आधी तिला विचारावं: घरी मार बसेल का? तसं असेल तर घाई करू नये.

बाळाचं म्हणाल तर आता फार मोठी आशा आहे. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण, अंगावरचं दूध धरून, शंभरात पंधरा ते पंचेचाळीस इतकं असतं. आई गरोदरपणात वेळेवर औषधावर आली तर ते पाचाच्या खाली आणता येतं. २०१४ पासून गरोदर बाईला औषध सुरू झालं की ते बाळंतपणानंतर थांबवायचं नसतं, कायम घ्यायचं असतं. बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरापिनचं सायरप, किमान सहा आठवडे. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर वाळवून पहिली तपासणी, आणि शेवटचा निकाल अठराव्या महिन्यात. हा अठरा महिन्यांचा रस्ता आईबरोबर कुणीतरी चालावं लागतं. सहाव्या आठवड्याचा निकाल चांगला आला की माणसं सुटकेचा श्वास सोडतात आणि पुढे यायची थांबतात, पण अंगावर पाजणं सुरू असेपर्यंत धोका पूर्ण गेलेला नसतो.

पाजण्याबद्दल वस्तीत गोंधळ फार. कुणी सांगतं, पाजू नको. मग वरचं दूध सुरू होतं, पाण्याने पातळ केलेलं, धड न उकळलेल्या बाटलीतून, आणि बाळ हगवणीने जातं. आई रोज औषध घेत असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, घुटी नाही, मध नाही. अर्धं वरचं आणि अर्धं अंगावरचं हे सगळ्यात वाईट. आजीला हे पटवायला दोन दुपारी बसावं लागलं तर बसावं.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. आशाताई गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. रिकाम्या पोटी या गोळ्या आणि डॉल्युटेग्राविर एकदम घेतल्या तर डॉल्युटेग्राविर अंगी लागत नाही. जेवणासोबत डॉल्युटेग्राविर यांतल्या कोणत्याही गोळीबरोबर चालते. उपाशी घ्यायची असेल तर डॉल्युटेग्राविर दोन तास आधी, नाहीतर सहा तासांनी. ॲसिडिटीचं औषध तर जेवणासोबतही एकत्र नको. आशाताईला तिची स्थिती माहीत नसते, माहीत असायचं कारणही नाही. म्हणून हे आईलाच नीट पाठ करून द्यावं: “गोळी कोणतीही असो, पोटभर जेवल्यावर घे, आणि ॲसिडिटीचं काही घेण्याआधी मला विचार.”

६. दहाव्याच्या आत कागद

नवरा गेला की दहा दिवस रडण्याचे असतात, आणि त्याच दहा दिवसांत गावाकडे फेरफाराची हालचाल सुरू होते. ‘तिचं काय राहिलंय आता’ असं म्हणून वारसांच्या यादीतून तिचं नाव गळतं. मृत्यूचा दाखला आधी काढून घ्यावा आणि त्याच्या चार जादा प्रती. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिची नोंद व्हावी यासाठी तिच्या सहीचा अर्ज तलाठ्याकडे जावा. हिंदू वारसा कायद्याने विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. मुसलमान विधवेला मुलं असतील तर आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. तिची स्वतःची स्थिती काहीही असो, हिस्सा कमी होत नाही. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. ही एक ओळ मी दर महिन्याला कुणाला तरी सांगते, आणि दर वेळी ती बाई दोनदा विचारते, “खरंच फुकट?”

७. दाखल्यांची पिशवी

संजय गांधी निराधार योजनेत आजारामुळे कमावता न येणाऱ्या एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे. २०२३ पासून महिन्याला दीड हजार मिळतात. अट वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असण्याची. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. इतक्यात पडेगावात खोलीचं भाडंसुद्धा भागत नाही. जी माणसं खरोखर गरजू आहेत त्यांतली कित्येक या आकड्याच्या बाहेर पडतात. हा आकडा बदलायला हवा हे मी प्रत्येक बैठकीत बोलते आणि बोलत राहीन. ज्यांचं बसतं त्यांचे कागद मात्र आपण एकत्र करून द्यावेत: उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार जोडलेलं खातं, वैद्यकीय दाखला, आणि दरवर्षी हयातीचा दाखला. तो एक राहिला की पैसे बंद होतात आणि कळतं तीन महिन्यांनी. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिच्यात दर महिन्याला सव्वादोन हजार मिळतात.

एसटीच्या साध्या गाडीत एचआयव्हीबाधितांना प्रवास मोफत आहे. फार चांगली सवलत. पण गंगापूर-वैजापूरकडून येणारी एक बाई कायम तिकीट काढते. कार्ड दाखवायचं म्हणजे आपल्याच गावच्या माणसांनी भरलेल्या गाडीत दाखवायचं. वेगवेगळ्या आजारांच्या आणि कारणांच्या सगळ्या सवलतींसाठी एकाच दिसण्याचं कार्ड असावं, त्यावर आजाराचा उल्लेख नसावा, एवढंच माझं म्हणणं आहे. सवलत देणाऱ्याने ती कोणत्या हातांनी घेतली जाणार आहे हेही पाहावं.

८. दसऱ्याआधी विचारा, कोणत्या कारखान्याला?

पैठण, कन्नडकडची आणि बीडची बरीच माणसं आमच्या वस्तीत नातेवाइकांकडे येऊन-जाऊन असतात. दसरा उलटला की ऊसतोडीचे कोयते निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि मग थेट मार्च-एप्रिलपर्यंत फडात. या काळात गोळी तुटली तर दोष त्यांच्यावर टाकू नये. दसऱ्याआधीच विचारून ठेवावं: कोणता कारखाना, कोणता तालुका, तिथून जवळचं एआरटी केंद्र कोणतं. जास्तीत जास्त गोळ्या बरोबर द्याव्यात, मुक्काम लांबणार असेल तर तिकडच्या केंद्रात नाव वर्ग करून घ्यावं, एआरटीच्या हिरव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा फोटो त्यांच्या फोनमध्ये काढून द्यावा. पुस्तक पालात भिजतं, फोन बहुधा वाचतो.

पूर्वीच्या गोळीत एफाव्हिरेन्झ असायचं. ती रात्री झोपताना घ्यायची, कारण चक्कर यायची, भलती स्वप्नं पडायची. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या माणसाला रात्री भरणी असली की तो गोळी टाळायचा, आणि त्याचं बरोबर होतं, खाली पडला असता. ते त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. आताच्या गोळीत डॉल्युटेग्राविर आहे. तिने चक्कर क्वचित येते, काहींची झोप उडते, त्यांनी ती सकाळी घ्यावी. गोळीची वेळ माणसाच्या कामाच्या वेळेवरून ठरवता येते, हे लोकांना सांगितलं की ते आश्चर्याने बघतात.

९. उपास, रोजा

श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला शहरातून माणसं चालत खुलताबादला भद्रा मारुतीला जातात, आमच्याच रस्त्याने. रमजानमध्ये वस्तीतल्या अर्ध्या चुली सहरीला पेटतात. “बाजी, रोजे में गोली का क्या?” हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण विचारणारी गोळी सोडणार नसते. दिवसातून एकच गोळी, ती इफ्तारनंतर किंवा सहरीला, रोज त्याच वेळी. उपासाच्या दिवशी पाण्याबरोबर चालते, जेवण लागतंच असं नाही. देवाधर्माशी वाद घालू नये. अंगारा लावा, दर्ग्यावर जा, नवस करा. फक्त ‘गोळ्या बंद करा, माझा काढा घ्या, मुळासकट जाईल’ असं सांगणारा जो भेटतो, तिथे आपण अडून बसायचं. गोळी थांबली की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो, आणि वारंवार थांबली की तीच गोळी पुढे लागू पडेनाशी होते.

१०. लेकरं मोठी झाली

महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणारे सुमारे चार लाख लोक आहेत, देशात सर्वांत जास्त. त्यांत अशी एक पिढी आहे जी जन्मतः ही लागण घेऊन आली, जिने आईबाप लहानपणी गमावले, आणि जी जगली. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांचं सेवालय, बीडजवळ दत्ता आणि संध्या बारगजे यांचं इन्फंट इंडिया, पंढरपूरला मंगलताई शहा यांची पालवी, नगरचं स्नेहालय, पुण्यात विजयाताई लवाटे यांनी उभं केलेलं मानव्य. या घरांनी अशी मुलं वाढवली तेव्हा ती किती वर्षं जगतील हे कुणी सांगू शकत नव्हतं. आता ती वीस-बावीस-पंचवीसची आहेत. आमच्या वस्तीतही आहेत, मावशीकडे, आजीकडे, किंवा थोरल्या भावंडाच्या आधाराने वाढलेली.

मुलाला कधी सांगायचं हा प्रश्न पालक पुढे ढकलत राहतात. ‘ही ताकदीची गोळी आहे’ हे सहा-सात वर्षांपर्यंत चालतं. मग ते मूल स्वतःच हिरव्या पुस्तकावरचा शब्द फोनवर शोधतं आणि एकटंच वाचतं. त्यापेक्षा थोडं थोडं सांगत जावं: तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते. नाव दहा-बाराच्या सुमारास, आणि ज्याच्यावर त्याचा जीव आहे त्या माणसाच्या तोंडून. मी सांगण्यापेक्षा आजीने सांगितलेलं बरं, मी शेजारी बसते.

आईबाप नसलेल्या घरात थोरला मुलगा किंवा मुलगीच सगळं पाहते. २०१७ च्या कायद्यात त्यांच्यासाठी एक सुंदर कलम आहे. बारा वर्षांवरचं, समजूतदार, घर सांभाळणारं भावंड अठराच्या आत असलं तरी धाकट्याचा पालक म्हणून सही करू शकतं: शाळेच्या प्रवेशासाठी, उपचारासाठी, बँकेच्या खात्यासाठी, मालमत्तेसाठी. शाळांना हे माहीत नसतं. मी कलमाची झेरॉक्स पिशवीत ठेवते.

तरुण मुलंमुली आता माझ्याकडे लग्नाचं विचारायला येतात. त्यांना मी पुण्याच्या एका कामाचं सांगते. २०११ मध्ये नऊ देशांतल्या सतराशेहून अधिक जोडप्यांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. त्यात एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती, आणि अभ्यासाची दोन केंद्रं भारतात होती, पुण्यात आणि चेन्नईत. लवकर औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण शहाण्णव टक्क्यांनी कमी झालं. त्यानंतरच्या अभ्यासांनी आणखी पक्कं केलं: व्हायरल लोड सापडण्याइतकाही उरला नसेल आणि तो तसाच राहिला असेल, तर शरीरसंबंधांतून लागण जात नाही. हे ऐकताना त्यांचे चेहरे बदलतात. पण लग्नाआधी दोघांनी एकमेकांना खरं सांगावं, आणि वर्षाचा व्हायरल लोड चुकवू नये, हेही त्याच बैठकीत ठरवून घेते.

नोकरीचा प्रश्न त्यानंतर येतो. वाळूज, शेंद्र्याला भरती निघाली की ‘मेडिकल’ या शब्दाने मुलं गळाठतात, मुलाखतीलाच जात नाहीत. नोकरी देण्यापूर्वी एचआयव्ही तपासणीची अट घालणं त्याच कायद्याने बेकायदा आहे. म्हणून सध्या आम्ही महिन्यातून एक रविवार, दवाखान्यावर कुठलाही फलक न लावता, या मुलांसाठी खोली उघडी ठेवतो. अर्ज भरायचे, आयटीआयची चौकशी करायची, मुलाखतीत काय बोलायचं ते एकमेकांसमोर बोलून पाहायचं, आणि कुणी रक्त मागितलं तर त्याला कायद्यातला कोणता मजकूर दाखवायचा ते वाचून ठेवायचं. पुढच्या रविवारी दोघी जणी नर्सिंगच्या प्रवेशाचं विचारायला येणार आहेत. त्यांच्यासाठी महाविद्यालयांची यादी काढून ठेवली आहे, आणि ज्या परिचारिकेने स्वतः औषधावर राहून हा अभ्यासक्रम पूर्ण केला तिला त्या दिवशी बोलावलं आहे.